जावईबापूंची डबी आणि बाळंतखोलीचा वेढा

चुलीतला अग्नी आणि अंगणातला वारा, या दोहो थोर दैवतांस आधी मुजरा. कारण पुढील हकीकतीत दोघांची गाठ पडणार आहे आणि कोणाचाही रुसवा परवडणारा नाही. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सर, पौष मास, जिल्हा ठाणे, जव्हार मुक्कामी जी मोहीम जाहली तिची खबर थोरल्या तवारिखांत नाही, वर्तमानपत्रांत नाही, आणि तहसील कचेरीत तर नाहीच नाही. सबब मागाहून येणाऱ्यांनी गाफील राहू नये म्हणोन जे घडले ते, मीठमिरची बेताचीच लावून, येथे नमूद होत आहे.

हकीकत ऐसी जे, राजश्री रोहिदासराव, पंचायत समितीतील निवृत्त हेडक्लार्क, यांचे घरी खरा अंमल त्यांच्या कबिल्याचा, म्हणजे धोंडीबाईसाहेबांचा. बाईसाहेबांनी आपल्या भाऊबंदांत एकतीस बाळंतपणे तडीस नेलेली, आणि एकतीस पोरांची टाळू त्यांच्याच हातची, आणि त्यातले दोघे आता शाळामास्तर जाहले तरी बाईसाहेबांपुढे मान वर करीत नसत. त्यांचा कायदा एकच, की बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरता कामा नये. बत्तिसावी पाळी आली ती पोटच्या लेकीची, मंजुषाची. सरकारी दवाखान्यातून चौथे दिवशी लेक आणि नात घरी आली, आणि बाईसाहेबांनी खोलीची नाकेबंदी केली. मग खिडकीस गोधडी ठोकली, आणि दाराच्या फटीत जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्या, आणि बाजेखाली शेगडी मांडून तीत ऐनाच्या कोळशाचे निखारे भरिले, आणि वर ओवा, बाळंतशोपा व लसणीच्या साली यांची धुरी दिधली. मुंगीनेही परवाना काढून आत यावे, ऐसा बंदोबस्त जाहला.

इतक्यात जावईबापू भावेशराव तारापूरहून दाखल जाहले. जावई म्हणजे दहावा ग्रह हे जगजाहीर. परंतु हा ग्रह स्वभावाने गरीब, कारखान्यात बॉयलरवर नोकरीस, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्यास दोनदा विचारावे लागे. त्यांच्या कारखान्यात एक परदेशी इंजिनेर आला होता, त्याने जाताना आपल्या खोलीतील एक पांढरी डबी यांस नजर केली होती, ती येथील सॉकेटात बसणाऱ्या बदली पिनेसह त्यांनी पिशवीतून आणिली. सोयर फिटेतो पुरुषास बाळंतखोलीची बंदी. तस्मात जावईबापू उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तेथूनच अर्जी गुदरली, की कोंडलेल्या जागी कोळसा धुमसला म्हणजे एक विषारी वायू निघतो, त्यास रंग नाही, वास नाही, आवाज नाही, म्हणजे आपल्या नातेवाइकांच्या अगदी उलट, आणि तो माणसास झोपेतच गाठतो. शेगडी खोलीत नसावी हे उत्तम. ते होणे नसेल तर निदान खिडकी उघडी असावी आणि तो वायू हुंगताच ओरडणारी ही डबी भिंतीच्या सॉकेटात असावी, पडद्याआड नसावी, कपाटामागे नसावी, वर काही झाकू नये, आठवड्यास बटण दाबून पारख घ्यावी, आणि ती ओरडली तर तिचे तोंड न दाबता सर्वांनी बाहेर मोकळ्यावर यावे.

यांपैकी शेगडीचे व खिडकीचे कलम बाईसाहेबांनी जागच्या जागी नामंजूर केले. डबीचे मात्र नाकारिता येईना, कारण जावयाने आणिलेली वस्तू. सोबतचा छापील कागद रोहिदासरावांनी घेतला, आणि त्यास भोक पाडिले, आणि फायलीस लाविला, आणि फायलीवर 'यंत्रे, किरकोळ' ऐसे लिहून दोरी बांधिली, आणि वाचणे तेवढे राहून गेले. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा हात, तो एकदम कसा बदलावा? मग बाईसाहेबांनी जन्मात प्रथमच स्वहस्ते विजेची पिन खोचली, आणि बाहेरून हुकूम आला तसे बटण दाबिले. तो डबीने ऐसा काही टाहो फोडिला की बाजेवरची नात दचकोन निळी-जांभळी होईतो रडली, आणि शेजारची कमू हातातली परात टाकोन धावत आली. जावईबापू संतोष पावले आणि दुपारच्या एस.टी.ने तारापुरास रवाना जाहले.

बाईसाहेबांस मात्र ती डबी डोळ्यांत खुपू लागली. बाळंतखोलीत रडण्याचा मान एका बाळाचा. दुसरे कोणी त्याहून मोठ्याने रडते म्हणजे काय? बरे, काढून ठेवावी तर जावयाची बेअदबी, उद्या व्याही-विहिणीत चर्चा. सबब बाईसाहेबांनी मानाचाच मार्ग काढिला. या घरचा दस्तूर ऐसा, की मोलाची वस्तू उघडी ठेवू नये: टीव्हीस झूल, फोनास टोपरे, मिक्सरास परकर. मग डबीस हळदकुंकू वाहिले, ते नेमके तिच्या जाळीत बसले; आणि धूळ लागू नये म्हणोन तिजवर प्लास्टिकची पिशवी चढविली, आणि तिजवर क्रोशाचा लोकरी सरपोश, काठाला गुलाबी फुले; आणि शेवटी झेंडूचा हार. पाहणाऱ्या बाया म्हणत, जावयाचा मान राखावा तर धोंडीबाईने. डबी बिचारी इतक्या मानाखाली गुदमरली आणि गप्प जाहली.

त्याउपरी पाच दिवस मोहीम सुखरूप चालिली म्हणावी, तर तसे नव्हते. मंजुषाचे डोके धरू लागले. बाईसाहेबांचेही डोके जड, पाय लटपटत, पण एकतीस लढायांची सरदारीण, ती आपले डोके दुखते हे कोणापुढे सांगणार? अंगणात गेले की बरे वाटे, खोलीत आले की पुन्हा जड. हे त्यांच्या ध्यानात आले, परंतु त्याचा अर्थ त्यांनी ऐसा लाविला की खोलीत नजर लागली आहे. मग मीठमिरच्या ओवाळिल्या, आणि निखारे दुप्पट केले, आणि चिंध्या आणखी कोंबल्या. अति तेथे माती ही म्हण बाईसाहेब दुसऱ्यांस दिवसातून चारदा ऐकवीत.

पौष शुद्ध षष्ठी, रविवार. संक्रांत दोन दिवसांपूर्वी उरकलेली. भावेशराव सकाळच्या गाडीने आले, आणि ओसरीवर बसले, आणि चहाची कपबशी हाती घेतली, तो आतून मंजुषा ओकत असल्याचा आवाज आला.

"काय झाला तिला?" भावेशरावांनी विचारिले.

"कालधरनं चाललंय. डोका दुखतो म्हणते, नि नुसती निजते," बंद दाराआडून बाईसाहेब बोलिल्या. "दिष्ट काढलीय मी. तुम्ही चहा घ्या."

"आणि पोर?"

"पोर गुणाची. रडत पण नाय आज."

जावईबापूंनी कपबशी खाली ठेविली. "मामी, डबी काय बोलते?"

"डबी अगदी सुखात आहे, जावईबापू. पांघरूण घालून ठेवलीय तिला."

हे शब्द कानी पडताच भावेशरावांच्या तोंडचे पाणी पळाले. तो मनुष्य, ज्याचे बोलणे दोनदा विचारावे लागे, तो ऐसा गरजला की कौलावरचे कावळे उडाले: पोर घेऊन याच घडीस बाहेर या! बाईसाहेब ताठल्या. सासूवर जावई ओरडतो? दहा दिवस पुरते भरले नाहीत, बाहेर पौषाचा वारा, आणि उघड्यावर बाळंतीण? रोहिदासरावांनी मध्ये पडोन तह सुचविला, की डबीवरचे पांघरूण काढून पाहावे; ती ओरडली तर बाहेर, न ओरडली तर जावईबापूंनी चहा पुरा करावा. बाईसाहेबांनी कौल मान्य केला, कारण जय आपलाच हे त्यांस ठाऊक होते. भावेशरावांनी मात्र तह मानिला नाही, आणि दारास खांदा लाविला. पण चिंध्यांनी जाम जाहलेले दार हलेना. बाईसाहेबांचा बंदोबस्त पक्का, तो सख्ख्या जावयासही फुटेना.

आत बाईसाहेबांनी हार उतरविला, सरपोश काढिला, पिशवी ओढिली, पदराने जाळीतले कुंकू पुसले. डबी गप्प. "बघा!" म्हणोन त्यांनी दाराकडे तोंड करून विजयाची आरोळी दिधली, "उगा घाबरवता माणसाला!" आणि दुसरे वाक्य त्यांच्या ओठांवर जुळत होते, इतक्यात डबीने टाहो फोडिला.

बाईसाहेबांनी झडप घालोन पिन उपटिली. तरी डबी ओरडतच राहिली, कारण तिच्या पोटात सेल होता, आणि तिला वीज गेली काय नि राहिली काय. हातात किंचाळणारी डबी घेऊन धोंडीबाई उभ्या, बाहेर जावई दार ठोकतो, आणि त्या घडीस त्यांची नजर बाजेवर गेली. पहिल्या दिवशी याच आवाजाने नात निळी होईतो रडली होती. आज ती दचकली नाही. पापणी हलली नाही. कानाशी एवढा आकांत, आणि पोर निजलेलीच.

तेव्हा एकतीस बाळंतपणांचा सगळा दिमाख त्यांच्या पायांखालून निसटला. त्या इतक्या भ्याल्या की देवाचे नावही सुचेना. डबी टाकिली, आणि नात छातीशी कवळिली, आणि "आवशे, ऊठ गो! मंजू, ऊठ!" ऐसे ओरडत दाराच्या चिंध्या दोन हातांची नखे मोडेतो उपशिल्या, आणि दार उघडताच भावेशराव सोयर-सुतक सारे झुगारोन आत शिरले, आणि मंजुषास उचलोन अंगणात आणिले. कमूने बाहेरून खिडकीची गोधडी फाडिली. बाईसाहेब उन्हात, वाऱ्यात, नातीचे कानटोपरे ओढून काढीत मातीत बसल्या. ज्या वाऱ्याशी जन्मभर वैर केले त्याच्यापुढेच त्यांनी पोर धरिली. मग पोरीने एक शिंक दिली, आणि मग दुसरी, आणि मग बारीक सुरात रडू लागली. धोंडीबाईही रडल्या, आणि ते त्यांनी लपविले नाही.

तेथून जीपने सर्वांस सरकारी दवाखान्यात नेले, आणि डॉक्टरांनी लेकीस व नातीस प्राणवायू लाविला, आणि दिवस मावळायच्या आत दोघींच्या जिवाची खातरजमा जाहली. दवाखान्याच्या बाकावर बसोन बाईसाहेबांनी जावयास हळूच विचारिले:

"डोका दुखतो, ओकारी येते, मग झोप लागते. आन मग?"

"मग माणूस उठत नाय, मामी."

बाईसाहेबांस जुनी गोष्ट आठवली. त्यांची धाकटी बहीण बायडी, दाभोशास दिलेली, ती पंचवीस वर्षांमागे बाळंतखोलीत ऐसेच डोके धरून निजली होती. पोरगा तेवढा कोणी ओसरीवर उन्हात खेळवावयास नेला होता, म्हणोन राहिला. नजर लागली, ऐसेच तेव्हा सर्व म्हणाले; आणि शेगडी पेटविणारी होती धोंडी.

"मीच भरली ती शेगडी," त्या बोलिल्या. भावेशरावांनी सासूचा हात आपल्या हाती घेतला आणि तसेच बसोन राहिले.

त्याउपरी तहनामा जाहला. निखाऱ्यांनी अंगणातच राहावे, शेक द्यावयाचा तो बाहेर तापविलेल्या फडक्याने द्यावा, खिडकी उघडी, डबी बोडक्या डोक्याने भिंतीवर राहावी, आणि दर रविवारी बटण दाबोन तिची हजेरी घ्यावी. रोहिदासरावांनी फायलीची दोरी सोडून तो कागद शब्दकोश घेऊन तीन दिवसांत वाचिला, आणि भेटेल त्यास समजावू लागले, इतके की लोक रस्ता बदलू लागले.

माघ मासी दाभोशाहून सांगावा आला, की बायडीचा तोच पोरगा जगन, त्याची बायको रंजना बाळंत जाहली. भावेशरावांनी दुसरी डबी मिळविण्याची तजवीज चालविली होती, परंतु जगनच्या पाड्यावर विजेचा खांब पोहोचलेला नव्हता, आणि पिन खोचावी तर भिंतीत सॉकेट नव्हते. ते ऐकोन धोंडीबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळिला आणि मिळेल त्या जीपने दाभोसा गाठिला. जगनचे घर येताच दारातली कुडाची ताटी हाताने बाजूस केली, आणि आत बाजेखाली शेगडी लाल धुमसत होती ती पाहिली, आणि बाईसाहेबांनी ऐसा टाहो फोडिला की नदीपलीकडच्या शेतात माणसे थबकली.

"बाहेर काढा! पोर बाहेर, बाई बाहेर, शेगडी पहिली बाहेर!"

"मावशी, काय झाला? एवढी कशाला ओरडते?" जगन घाबरोन म्हणाला.

"तुझ्या आयशीच्या टायमाला कोण ओरडला नव्हता रे," धोंडीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा ओरडल्या.

शेगडी अंगणात आली, रंजना आणि तिचा पोर उन्हात आले, पोर रडू लागला. येणेप्रमाणे शके एकोणीसशे सव्वीस, माघ मासी, दाभोसा येथील बाळंतखोली एक घटकेत सर जाहली, आपल्याकडील कोणी कामास आले नाही. फत्ते धोंडीबाईंची.