गुहेतल्या लेखकाची फाइल

एका जंगलात रेवती नावाची खारूताई राहत होती आणि मुलांनो, दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिच्या लेकीला, टिकलीला, शाळेत प्रकल्प मिळाला होता.

बगळेगुरुजींनी परदेशी लेखकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. टिकलीच्या वाट्याला आलं अमेरिकेतलं एक अस्वल. एकच कादंबरी लिहून ते जे गुहेत शिरलं, ते चाळीस वर्षं बाहेर नाही. मुलाखत नाही, फोटो नाही.

"शाल-श्रीफळ घ्यायलासुद्धा येत नाही?" रेवती हबकली. "मग हा लेखक कसला!"

सोमवारी फाइल द्यायची होती. हरणाच्या आईने तर म्हणे थर्माकोलचा अख्खा राजवाडा केला होता. रेवती एम.ए. होती, पण नेमकी कशात, हे अशा वेळी तिला आठवत नसे.

मायलेकी ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपाल साळिंदरबाईंनी सगळी सूची स्वतःच्या काट्यांना टोचून ठेवली होती.

"बाई, जरा वळता का? 'अ'पासून बघते."

"बघा, पण हळू. गुदगुल्या होतात."

माहिती ढिगाने निघाली. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, कोशाचे चार खंड. एका कोल्ह्याने तर नऊ हिवाळे गुहेबाहेर बसून नुसत्या गुहेच्या दारावर ग्रंथ लिहिला होता. रेवती शेपटी कानाला खोचून उतरवून घेऊ लागली.

"त्यांची कादंबरीही आहे हो," साळिंदरबाई म्हणाल्या. "आजवर कुणी नेली नाही."

"छे हो, वेळ कुठाय!"

थोड्या वेळाने तिने पाहिलं, तर टिकली कोपऱ्यात तीच कादंबरी घेऊन पालथी पडलेली.

"कार्टे, मी इथे तुझा प्रकल्प करून मरतेय आणि तू गोष्टी वाचत बसलीस?"

"आई, थांब ना! पिल्लू नदीत पडलंय!"

सोमवारी फाइल गेली. चाळीस पानं, वर जरीची लेस. मग तोंडी परीक्षा. रेवती खिडकीबाहेर फांदीला लटकून ऐकत होती.

"गुहेच्या दाराची उंची किती?" बगळेगुरुजींनी विचारलं.

खिडकीतून रेवतीने पंजे ताणून उंची दाखवली. टिकलीचं लक्षच नव्हतं.

"माहीत नाही, गुरुजी. पण ते पिल्लू ना, बुडत नाही! ते ओंडक्यावर..."

"कादंबरीत काय आहे ते कुणी विचारलं? लेखकाबद्दल बोल!"

निकाल लागला. फाइलला दहापैकी नऊ. समास चुकीच्या बाजूला सोडला म्हणून एक कापला. तोंडीला शून्य.

रेवती मटकन खाली बसली. लेकीच्या आयुष्याचं वाटोळं झालं, आणि तेही चौथीतच. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

टिकलीने तिच्या पाठीवरून शेपटी फिरवली.

"रडू नकोस गं आई. पहिल्याच वेळेला नऊ म्हणजे छान आहेत तुला."

तात्पर्य : लेखकाचा अभ्यास चालू असताना त्याचं पुस्तक मुलांच्या हाती लागणार नाही, याची पालकांनी काळजी घ्यावी.