दोन एक्के आणि सासूबाई

माणसाचे धैर्य हे तो बक्षिसापासून किती लांब उभा आहे यावर ठरते. बक्षीस दूर असेपर्यंत माणूस वाघ असतो. ते हाताशी आले की त्याला एकाएकी आपला रक्तदाब, मुलांची शिक्षणे आणि घरचे संस्कार आठवू लागतात. पुरावा हवा असेल त्याने पोकरच्या स्पर्धेत बबलच्या वेळी जाऊन उभे राहावे. (प्रवेश मोफत आहे. खुर्च्या नाहीत.)

बबल ही संकल्पना अत्यंत उदात्त आहे. समजा, खेळाडू उरले एकोणीस आणि बक्षिसे आहेत अठरा. आता जो कोणी बाद होईल तो सकाळपासून घाम गाळून रिकाम्या हाताने घरी जाणार; त्याच्या मागून बाद होणारा प्रत्येक जण मात्र बक्षीसपात्र. हा एक अभागी जीव जाईपर्यंतचा जो काळ, तो बबल. या काळात सर्वोत्तम खेळाडू तोच, जो खेळत नाही.

आमचे मास्तर याच गुणावर इथवर पोचले होते. मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, ॲक्सिलरेटर नसतो. उभे आयुष्य असे गेल्यावर माणसाचा स्वभाव जसा होतो तसाच त्यांचा झाला आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये ते सकाळपासून पत्ते उचलत होते, बघत होते आणि सुस्कारा सोडून परत टाकत होते. अठरावे बक्षीस होते प्रवेश फी परत आणि वर एक टोपी. (आयोजक समारंभपूर्वक टोपी घालतात. हे अक्षरशः घ्यावे.)

अडचण एकच होती. त्याच टेबलावर समोर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या.

बायकोने त्यांना मास्तरांवर लक्ष ठेवायला पाठवले होते. सासूबाई निवृत्त मेट्रन. नुसते बसून बघणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही, म्हणून त्यांनीही फी भरली. खेळ येताना गाडीत मास्तरांनीच शिकवला होता. आता त्यांच्यापुढे चिप्सचा डोंगर होता आणि जावयापुढे टेकाडही नव्हते. (चिप्स म्हणजे डावावर लावायच्या चकत्या. खायच्या चिप्स जीएसटीसह वेगळ्या मिळत होत्या.)

बबल लागला आणि हॉलमध्ये एक प्रकारची साधुवृत्ती पसरली. डोळ्यांचे डॉक्टर प्रत्येक डावाला चष्मा काढून पुसू लागले. फर्निचरवाले दोनदा बाथरूमला जाऊन आले आणि तिसऱ्यांदा निघाले. एक वकीलसाहेब स्वतःच्या दोन पत्त्यांकडे असे बघत होते, जणू त्यांत तिसरा सापडणार आहे. वाटलेल्या पत्त्यांपैकी शंभर टक्के पत्ते आदरपूर्वक परत केले जात होते.

सासूबाईंना हे कळायला वेळ लागला नाही. जी माणसे इंजेक्शन दिसताच आपण बरे झाल्याचे सांगतात, त्यांच्यात त्यांची हयात गेली होती. त्या दर डावाला सगळा डोंगर पुढे ढकलायच्या आणि म्हणायच्या, "ऑल-इन. कुणाला यायचंय का?" कुणालाच यायचे नसायचे. पत्ते वाटण्याआधी सगळ्यांनी सक्तीने भरलेली वर्गणी त्या गोळा करायच्या. डोंगर वाढायचा.

आणि मग मास्तरांना दोन एक्के आले.

एक इस्पिकचा, एक बदामचा. पोकरमध्ये वाटपात याहून चांगले काही येत नाही. सासूबाईंनी डोंगर ढकललाच होता. डॉक्टरांनी चष्मा पुसत पत्ते टाकले, वकिलांनी टाकले. सगळे मास्तरांकडे बघू लागले.

मास्तरांनी हिशेब मांडला. एक्के सहापैकी पाच वेळा जिंकतात. जिंकलो तर चिप्स दुप्पट, कदाचित पहिले बक्षीसही. पण बायको दारातच विचारणार, "आईला हरवलंत?" हरलो तर टोपी गेली, आणि बायको विचारणार, "आईकडून हरलात?" संसाराच्या दृष्टीने दोन्हीकडे सहापैकी सहा वेळा हार होती.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "झोप लागली का?"

"विचार करतोय, आई."

"करा की. पण तोंड का पांढरं पडलंय? पाणी मागवू?"

"नको."

"मग या तरी, नाहीतर जा तरी. पेशंटसारखे दारात उभे राहू नका."

मास्तरांचा हात चिप्सवर गेला. त्याच क्षणी टेबलाखाली त्यांच्या उजव्या पायाने, कुणी न सांगता, जमीन घट्ट दाबली. मास्तरांनी दोन्ही एक्के पालथे घालून सरकवून दिले.

सासूबाईंनी आपले पत्ते उलटून दाखवले. सत्ती आणि दुर्री. याहून वाईट काही येत नाही.

"माझ्याकडे काहीच नव्हतं हो," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "तुमच्याकडे काय होतं?"

"किरकोळ," मास्तर म्हणाले.

एवढ्यात पलीकडच्या टेबलावर गलका झाला. तिथला एक जण बाद झाला. बबल फुटला! सगळा हॉल उभा राहून टाळ्या पिटू लागला. डॉक्टरांनी वकिलांना मिठी मारली. फर्निचरवाले बाथरूममधून धावत आले आणि कुणाचे काय झाले हे न विचारताच हात मिळवत सुटले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्याच डावात त्यांनी उरलेल्या सगळ्या चिप्स चौकी-नव्वीवर निधड्या छातीने लावल्या आणि बाद झाले. अठरावे बक्षीस. त्यांना टोपी घालण्यात आली.

सासूबाई दुसऱ्या आल्या. घरी बायकोने दार उघडले, आईच्या हातातली ढाल पाहिली, नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी पाहिली. "छान दिसते," ती म्हणाली. मास्तर त्या रात्री शांत झोपले. निर्णय योग्य होता असे त्यांचे, डॉक्टरांचे आणि वकिलांचे एकमत आहे, आणि मीही त्याला पाठिंबा देतो.

राहता राहिला तो पलीकडच्या टेबलावरचा एकोणिसावा माणूस. टाळ्या चालू असताना तो आपली छत्री शोधत होता. त्यालाही दोन एक्केच आले होते. त्याने ते खेळले. आता तुम्ही म्हणाल, हे आधी का नाही सांगितले? सांगणार होतो. पण बबल फुटला तेव्हा तुम्हालाही इतके हायसे वाटले, की तो कोण होता हे तुमच्यापैकी कुणी विचारलेच नाही.