तिसऱ्या बोटीवरचं जेवण

त्या शहरात परगावच्या माणसाला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटीवर जेवावं लागतं, आणि उतरू देण्याआधी बोट काहीतरी ठेवून घेते.

आम्ही दोघं माझ्या बायकोच्या, अनसूयेच्या, डोळ्यांच्या कामाला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीशी जाऊन उभे राहिलो. आतल्या बाईंनी बोटी दाखवल्या.

"पांढरी आवाज ठेवून घेते. निळी गावाची वाट. तिसरीवर, टेबलावरचा शेवटचा घास जो खाईल तो बोटीवरच राहतो. कुठली देऊ?"

"आवाज गेला तर यांच्याशी भांडू कशी?" अनसूया म्हणाली.

"आणि वाट विसरलो तर म्हशीची धार कोण काढणार?" मी म्हणालो.

"मग तिसरीच द्या बाई. मी तशीही रोज यांच्या मागूनच जेवते."

मी मनाशी ठरवलं. बाईंनी दोन तिकिटं फाडली.

बोट सुटली. पाण्याचा आवाज येत नव्हता. शेजारच्या टेबलांवर माणसं एकमेकांच्या ताटाकडे बघत फार हळू चावत होती.

"सुरू करा," अनसूया म्हणाली.

"आज तू आधी."

"लोक बघतायत. जेवा मुकाट्यानं."

मी जेवलो. मग ती जेवली, सावकाश, ताट पुसून. शेवटचा घास गिळून माझ्याकडे बघून हसली. डोळे भरले होते.

"अनसूये," मी म्हणालो, "थोडा भात वाढ."

चव्वेचाळीस वर्षांत तिनं मला भाताला कधी नाही म्हटलं नव्हतं. हात आपोआप पातेल्याकडे गेला. होता तेवढा भात माझ्या ताटात पडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"अहो, नको! थुंका तो!"

मी गिळला. पातेल्यात शीत उरलं नव्हतं.

धक्क्यावरच्या माणसांनी तिला हात धरून उतरवून घेतलं. फळी ओढली.

म्हैस पुतण्याला देऊन ती आता धक्क्याजवळच खोली घेऊन राहते. रोज बोट सुटायच्या आधी डबा घेऊन येते आणि खालून ओरडते, "जेवलात का?"

इथं राहिलेल्यांना भूक लागत नाही. कुणी वाढतही नाही.

"हो," मी म्हणतो, "पोटभर."

मग ती डबा उघडते.