दादारावांचे सात तक्ते

चैत्रातल्या एका मंगळवारी कचेरीने दादारावांचा अर्ज नामंजूर केला. बुधवारी ते कामावर आले नाहीत. पुढच्या मंगळवारी ते वारले.

दादाराव घाटंजीकडच्या एका पुलाच्या कंत्राटदाराचे कारकून. कोणतं काम कोणत्या तारखेला, याचा तक्ता आखणं ही त्यांची नोकरी. पण घरही ते तक्त्यावरच चालवत. "लेकीकडे कधी जाणार?" विचारलं तर म्हणत, "दुसऱ्या खांबाच्या मागून, स्लॅबच्या पयले." एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो. पानात नुसतं पिठलं आलं.

"भाकरीले चार मिन्ट हायेत," दादाराव घड्याळ पाहत म्हणाले. "तोवर बसा चूप."

मी सरकारी बांधकामाच्या कचेरीत टंकलेखक. लाल-निळ्या पेन्सिलीनं आखलेला तक्ता ते माझ्या टेबलावर पसरत, लग्नातलं लुगडं दाखवावं तसा.

पण तक्ता टिकत नसे. सिमेंट आलं नाही, नवा तक्ता. खांबाची जागा सरकली, नवा तक्ता. छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तर कचेरीने नवे छापील कागद काढले आणि सगळं त्यावर पुन्हा मागितलं.

"राज्य तुमी बदलवलं," दादाराव म्हणाले, "नदी तं तितंच हाय ना बाप्पा!"

असे सात तक्ते झाले. कंत्राटात मजुरी एकाच तक्त्याची धरलेली. कंत्राटदारानं त्यांना स्पष्ट सांगितलं, "सहा जादा तक्त्यांचे पैसे सरकारातून आणा, तर तुमची नोकरी राहते. नाहीतर मले कारकून परवडत नाही." दादाराव साठीला आलेले. दुसरं कोण ठेवणार होतं?

कंत्राटात एक कलम होतं: जादा काम सुरू करण्याआधी लेखी कळवावं. ते मी त्यांना दुसऱ्या तक्त्याच्या वेळीच दाखवलं होतं. "आधी नुसती चिठ्ठी टाका," म्हटलं.

"काम केलं नाई अन् मजुरी मांगू? कायले लाज काढता बाबू? पयले काम, मंग कागद."

सहाही वेळा त्यांनी आधी तक्ता पुरा केला, मग चिठ्ठी लिहिली आणि तिच्यावर खरी तारीख घातली. मागची तारीख घाला, असं मी एकदा हळूच सुचवलं. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या मंगळवारी आमच्या साहेबांनी चिठ्ठ्यांच्या तारखा पाहिल्या. "आधी का नाही कळवलं?"

"आधी झालं कुठं होतं साहेब?" दादाराव म्हणाले. त्यावर कचेरीतले सगळे हसले. मीही हसलो.

ते वारल्यावर मी दप्तरातून त्यांचे तक्ते काढले. तोवर मी त्यांतल्या तारखाच तेवढ्या टंकत आलो होतो. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरं होती. "फुलाबाई. दिवस भरत आले. गिट्टी उचलायला देऊ नये, पाणी मारायला ठेवावे." "परसराम. बहिणीचे लग्न. चार दिवस." "तांड्यावर तिजेचा सण. बायका येणार नाहीत, हजेरी कापू नये." सातही तक्त्यांत हा रकाना होता, आणि सातही वेळा साहेबांनी त्यावर आडवी रेघ मारली होती.

मग मजुरांकडून कळलं, तारखा सरकल्या की दादाराव त्यांच्या तांड्यावर पायी जात आणि प्रत्येकाला नव्यानं विचारून येत. एका तक्त्याला आठ दिवस लागत ते यामुळे. अर्जात मात्र त्यांनी तक्त्यामागे दोनच दिवस लावले होते. तांड्यावर जाणं त्यांनी काम म्हणून धरलंच नव्हतं.

पुलाचं काम अजून चालू आहे. तक्ता आता कचेरीतच होतो, एका दुपारात. त्यात तो रकाना नाही. तारखा मी टंकतो.