डिक्शनरीची नवी आवृत्ती

आरशासमोर उद्याचं इंग्रजी भाषण घोकताना बाबांनी 'सबटल' हा शब्द फेकला आणि पाठीमागे कपडे घडी करणारी त्यांची मुलगी मटकन खाली बसली.

"बाबा, सटल म्हणतात. त्यातला बी उच्चारायचा नसतो."

"मग छापतात कशाला?" बाबा उखडले. छापखान्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

तीस वर्षं ते मुद्रितशोधक होते. इंग्रजी ते फक्त डोळ्यांनी शिकले होते, कानांना त्याचा वाराही लागला नव्हता. तरी छापखान्यात सगळे त्यांना 'डिक्शनरी' म्हणत. आता मुख्य संपादकाची खुर्ची रिकामी झाली होती, निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि उद्याचं भाषण साहेबांना पसंत पडलं तर ती खुर्ची त्यांचीच होती.

"हायपरबोल तरी बरोबर आहे ना?" त्यांनी चाचरत विचारलं.

"हायपर्बली."

"एपिटोम?"

"एपिटमी."

बाबांच्या पायाखालची जमीन सरकली. हे शब्द आजवर आपण कुणाकुणाच्या तोंडावर मारले, ते एकेक चेहरे आठवू लागले. व्याह्यांना तर पहिल्याच भेटीत 'हायपरबोल' ऐकवलं होतं. तेव्हा ते मान खाली घालून खोकले होते. तो खोकला आता बाबांच्या जिवाला लागला.

मुलीने बरोबर उच्चारांची यादी करून दिली. सकाळी बाबांनी एकाच गालाची दाढी दोनदा केली. बसमध्ये ते "एपिटमी, एपिटमी" असं पुटपुटत बसले, तशा शेजारच्या बाई उठून मागच्या सीटवर गेल्या.

सभेत सगळा छापखाना जमला होता. बाबांनी घसा साफ केला आणि पहिल्याच वाक्यात छातीठोकपणे म्हणाले, "सटल."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"सबटल," टाइपिस्ट बाई हळूच म्हणाल्या. वर्गात अडलेल्या मुलाला सांगावं तशा.

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि 'एपिटमी' म्हटलं. मशीनवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "हायपर्बली" म्हणताच हिशेबनीस उठून उभे राहिले. "साहेब, यांची जीभ जड झालीय. डॉक्टरला बोलवा!"

"मला काही झालेलं नाही!"

"बसा, काका," साहेब काळजीने म्हणाले. पंचवीस वर्षांपूर्वी ते याच काकांच्या शेजारी बसून काम शिकले होते. "अहो, एपिटोम! तुम्हीच तर शिकवलंत. परवा परदेशी पाहुण्यांसमोर मी चारदा म्हटलं. ते हसले, पण मी म्हटलं, यांचंच इंग्रजी कच्चं!"

सगळा छापखाना खदखदून हसला. बाबांना मात्र दरदरून घाम फुटला. तीस वर्षांत त्यांनी सगळ्या छापखान्याला आपलंच इंग्रजी पाजलं होतं. आता खरं सांगावं तर साहेबांची लाज जाणार, आणि साहेबांबरोबर खुर्चीही.

त्यांनी यादी खिशात कोंबली. "उन्हाने जरा गरगरलं," असं म्हणून त्यांनी उरलेलं भाषण जुन्या थाटात ठोकून दिलं. प्रत्येक मुक्या अक्षराला वाचा फुटली. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साहेबांनी तिथल्या तिथे नेमणूक जाहीर केली.

सगळे पांगल्यावर साहेबांनी दार लोटून घेतलं.

"काका, बघू तो कागद."

बाबांनी चुरगळलेली यादी काढून दिली. साहेबांनी ती दोनदा वाचली. त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे पाहुणे उगाच हसले नव्हते," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"चूक माझीच. दुसऱ्या कुणाला द्या ती जागा."

"ते जमायचं नाही. पाहुणे महिन्याभराने परत येताहेत." साहेबांनी यादी टेबलावर नीट पसरली आणि शेजारची खुर्ची ओढली. "या, बसा. पहिल्या शब्दापासून शिकवा. आणि जरा हळू बोला, बाहेर टाइपिस्ट बाई आहेत. ऐकलं तर दोघांनाही डॉक्टरकडे पाठवतील."