कुरकुरीची खोली

मी ठरवलं होतं ते एवढंच, की कुरकुर करायची नाही.

त्याचं असं झालं. नोव्हेंबरपासून आमच्या तलासरीत जमीन हलत होती. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर तरुणांच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि पाहुणचारावर बोललो. (मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. समाजकार्यात एमएसडब्ल्यू झाल्यापासून मला सांगावं लागत नाही.)

"दार उघडणं हा पाहुणचार नव्हे! कपाळावर आठी न आणता उघडणं, हा पाहुणचार!"

फादर प्रसन्नपणे हसले. म्हणाले, "वा, नविन! मग आनंदीबाईंना तूच घेऊन जा."

आनंदीबाई आमच्याच पाड्यावरच्या. आदल्या आठवड्यातल्या धक्क्यात त्यांच्या घराची भिंत आत कोसळली. त्या बाहेर होत्या, त्यांचा म्हातारा आत होता. आता भिंतही नव्हती आणि म्हाताराही.

तसं आमचं घरही भेगांनी भरलेलं. आम्ही अंगणात ताडपत्रीखाली राहत होतो. मी, बायको जयश्री आणि लग्नात मिळालेला पलंग. पलंग अर्थातच पाहुणीला गेला. मी जमिनीवर, जानेवारीच्या थंडीत.

"चहा गोड नाय रे," पहिल्याच सकाळी आनंदीबाई म्हणाल्या. "आणि हा पलंग करकरतो."

"हो का, मावशी?" मी हसून म्हणालो.

"आणि तू घोरतोस. म्हातारापण घोरायचा. पण त्याला ताल होता."

मी हसतच राहिलो. दोन-चार दिवसांत गाल दुखायला लागले. माणसानं कुरकुरायचं तरी कुठे? अंगणात पाहुणी, विहिरीवर शेजारी, चर्चमध्ये फादर. अख्ख्या पाड्यात रिकामी जागा एकच, माझं भेगाळलेलं घर. तिथं मरायलाही कुणी जात नव्हतं.

मी जायला लागलो. दुपारी आत शिरायचं, भिंतीवरच्या क्रुसासमोर उभं राहायचं आणि पोटातलं सगळं ओतायचं. "प्रभू, ही बाई साखर खाते की पेरते?" बाहेर आलो की चेहरा पुन्हा संताचा.

"आत काय करतोस रे?" जयश्रीनं विचारलं.

"प्रार्थना."

"मग बाहेर कर ना. देव ताडपत्रीखाली येत नाही का?"

आनंदीबाई भिंतीकडे बघत तांदूळ निवडत राहिल्या.

त्या शुक्रवारी मी चांगलाच रंगात आलो होतो. "प्रभू, घर तिचं पडलं आणि कंबर माझी मोडली! ही जाणार तरी कधी?" एवढं म्हणतो न म्हणतो तोच जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. क्रूस खाली पडला. मी दाराकडे धावलो, तर चौकट वाकून दार अडकलेलं. वरून कौलं आली. मागोमाग वासा, तो थेट माझ्या पायावर.

बाहेर जयश्रीची किंकाळी. मग दारावर धडाधड घाव पडले, फळी फुटली आणि धुळीतून आनंदीबाई आत आल्या. हातात आमचं मुसळ.

"उठ, घोरणाऱ्या!"

काखेत हात घालून त्यांनी मला फरफटत अंगणात आणलं. मागे भिंत बसली.

"मावशी, आत कशाला आलात? जीव गेला असता तुमचा!"

त्या माझ्याशेजारी धुळीतच बसल्या. "एकदा बाहेर उभं राहून बघितलं रे. परत नाय बघवत."

जयश्री रडली. मीही रडलो. त्या रडल्या नाहीत. पदरानं माझ्या तोंडावरची धूळ पुसत म्हणाल्या, "तुझा देव बहिरा हाय काय रे? रोज एवढ्यानं ओरडतोस तो?"

"तुम्हाला... ऐकू यायचं?"

"भिंतीतली मोठी भेग माझ्याच उशाशी होती."

"मग तुम्ही गेला का नाहीत?"

"कुठं जाऊ?"



आता पाय प्लास्टरमध्ये आणि मी पलंगावर. (तो खरंच करकरतो.) आनंदीबाई जमिनीवर. चहा त्याच करतात. काल फादर भेटायला आले. पाय किती ठणकतो, ताडपत्री कशी गळते, चहा किती गोड असतो, सगळं मी त्यांना सविस्तर सांगितलं. फादरांनी आनंदीबाईंकडे पाहिलं.

"काय करणार, फादर," त्या म्हणाल्या, "पाहुणा लई कुरकुर करतो. पण आम्ही कपाळावर आठी आणत नाय."