नाडकर्णींचे जपानी

दुबईजवळ अजमानला आमच्या बिल्डिंगमध्ये नाडकर्णींकडे जायचं म्हणजे चपलांची परीक्षा असे. पाहुणा सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच नाडकर्णी बोलता बोलता दाराशी जात आणि त्याच्या चपला तोंडं बाहेर करून नीट लावून ठेवत. माझ्या सासऱ्यांना वाटलं, यजमान आपल्याला निघायला सुचवतायत. ते बिचारे चहा न घेताच उठले.

हे सगळं जपानमुळे. नाडकर्णी दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका जपानी कंपनीचं गोदाम सांभाळत. जपानला ते कधी गेले नव्हते, पण तीन जपानी साहेबांच्या हाताखाली काम केल्यामुळे तो सबंध देश त्यांना तोंडपाठ होता. जपानी माणूस उशीर करत नाही. जपानी माणूस आवाज चढवत नाही. मी रोज त्यांच्याच गाडीने जबल अलीला जायचो. गाडी सहा बाराला सुटे. सहा तेराला खाली उतरलो, तर तिचे मागचे दिवे तेवढे दिसायचे.

घरात ते आणि मुग्धा, दोघंच. ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. तिच्या वेण्या नाडकर्णीच घालत, आणि दोन्ही अगदी एका मापाच्या. दोन हजार एक साली मुग्धाला ओसाकाला शिकायला स्कॉलरशिप मिळाली. वडिलांनी आपल्या हाताने एकेचाळीस नियम लिहून, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून तिला दिले. अकरावा नियम असा: आजारपणाचा बोभाटा करू नये, जपानी लोकांना त्रास दिलेला आवडत नाही.

मग दर शुक्रवारी मुग्धाचा फोन येऊ लागला आणि नाडकर्णींचा जपान हादरू लागला. तिचे प्रोफेसर वर्गात धापा टाकत, उशिराच येत. सत्तरीची घरमालकीण टीव्हीवरची मालिका बघून मोठ्याने रडे आणि शेजारणीच्या सुनेबद्दल तासभर बोले. नाडकर्णी काही मानायला तयार नव्हते.

"ओसाकाचे वेगळे असतील," ते मला म्हणाले. "लॉटमध्ये एखादा पीस डिफेक्टिव्ह निघतोच."

एका शनिवारी सहा बाराला गाडी जागेवरच उभी होती. नाडकर्णी साडेसहाला खाली आले. शारजा मागे पडलं. मग म्हणाले, "अहो, तीन दिवस फीवर होता पोरीला. एकशे तीन. खोलीत एकटी पडून होती. कोणालाही बोलली नाही. माझा नियम."

चौथ्या दिवशी म्हातारी घरमालकीण फळं द्यायला वर गेली तेव्हा तिला कळलं. तिने आपलं अंथरूण मुग्धाच्या शेजारी आणून टाकलं आणि बरं वाटेपर्यंत तिथून हलली नाही. वर चांगली खरडपट्टी काढली, की असं गप्प राहायला तुला कुणी शिकवलं? मुग्धाने वडिलांचं नाव घेतलं नाही. मला वाटलं तुम्हा लोकांना आवडत नाही, एवढंच म्हणाली. तर म्हातारी तिथेच रडायला लागली.

पुढच्या शुक्रवारी सकाळी नाडकर्णींनी मला बोलावून घेतलं. त्यांना बाईंचे आभार मानायचे होते आणि एकट्याने फोन करायचा धीर होत नव्हता. साहेबांकडून तीन जपानी वाक्यं घोकून आणली होती. मुग्धा कॉलेजात होती, फोन बाईंनीच घेतला, आणि तिन्ही वाक्यं डोक्यातून खलास. नाडकर्णींनी माझ्याकडे पाहिलं.

मग ते सरळ मराठीत बोलले. "बाई, पोर आईवेगळी आहे हो. माझंच चुकलं. तुम्ही तिला अशाच रागवत जा."

पलीकडून बाई जपानीत बोलत राहिल्या, बराच वेळ, चढ्या आवाजात. नाडकर्णी मान डोलवत "हो, हो" करत होते. त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"मलाही रागवल्या असाव्यात," ते म्हणाले, आणि माझ्यासमोरच हमसून रडायला लागले.